शीअर लिक्विड आयशॅडो: गव्हाळ-सावळ्या पापणीवर कोणता रंग किती उठतो, आणि आधी पारखायचा कसा?

पळसफूल (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न लिक्विड आयशॅडोचा आहे, त्यातही शीअर प्रकारचा. म्हणजे रंग कातडी झाकत नाही, पातळ थर बसतो आणि खालचं सगळं दिसत राहतं. पार्लरसाठी सहा रंगांचा सेट घेतला आहे: मोतिया, पीच, कॉपर, लव्हेंडर, मोरपंखी आणि शेवाळी. प्रत्येक बाटली ५ मिलीची, घटकांच्या यादीत पहिलं नाव पाणी, झाकणाला कांडी आणि कांडीच्या टोकाला स्पंज.

गिऱ्हाईक बहुतेक गव्हाळ ते सावळ्या वर्णाचं. लग्नं एप्रिल-मे महिन्यांतली, मांडव उघड्यावर, पारा ४४-४५ वर. अडचणी अशा:

लव्हेंडर आणि मोतिया बाटलीत सुंदर दिसतात, पापणीवर मात्र राख फासल्यासारखे. कॉपरला हा त्रास नाही, असं का?

दुसरा हात द्यायला गेलं की पहिला हात निघून येतो आणि मधेच टक्कल पडतं.

तासाभरात पापणीच्या घडीत रंगाची रेघ जमते. कूलरसमोर बसवलं तरी तेच, कधीकधी जास्तच.

सहाही रंग पापणीवर लावून-पुसून पाहायचे तर डोळा लाल होतो, आणि लाल पापणीवर पुढचा रंग खरा दिसतच नाही. तर आधी पारख कशी करावी, क्रम काय ठेवावा, कोणत्या रंगाला किती हात द्यावेत, हे नीट सांगा. "प्रायमर लावा" एवढ्यावर थांबू नका, कारण प्रायमर, म्हणजे रंगाखाली लावायचा आधाराचा थर, लावूनही रेघ येते.

रंगपेटी (देसाईगंज-वडसा)

पळसफूल ताई, राखेचं कारण आधी सांगते. ते कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

अशा बाटलीत दोन जातींचे रंग असतात. एक साधा रंगद्रव्याचा चुरा: लोहाचे ऑक्साइड, म्हणजे लाल, पिवळा, काळा, जांभळ्यासाठी मँगनीज व्हायोलेट, निळ्यासाठी अल्ट्रामरीन. दुसरी जात चमकीची: अभ्रकाचे बारीक पत्रे आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा नाहीतर लोहाच्या ऑक्साइडचा लेप. रंग फिका करायचा असेल तर कंपनी त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड घालते. लव्हेंडर म्हणजे जांभळ्यात पांढरं, पीच म्हणजे लाल-पिवळ्यात पांढरं. हे पांढरं गोऱ्या कातडीवर खपून जातं. सावळ्या कातडीवर त्याचा पातळ थर पडला की खालचा तपकिरी रंग अर्धवट झाकला जातो, आणि अर्धवट झाकलेला तपकिरी डोळ्याला राखाडी दिसतो. हात वाढवले तर राख आणखी दाट होते, रंग काही उठत नाही.

कॉपरचं गणित उलटं आहे. त्यात अभ्रकाच्या पत्र्यावर लोहाच्या ऑक्साइडचाच लेप असतो. तो लेप स्वतः तांबूस आहे आणि चमकतोही, म्हणून पांढऱ्याची भर लागत नाही. सावळ्या पापणीवर एका हातात उठतो तो यामुळे.

लव्हेंडरमध्येही एक चांगली जात असते. अभ्रकावरच्या टायटॅनियमच्या लेपाची जाडी बदलली की प्रकाशाचा रंग बदलतो. डबक्यावर ट्रॅक्टरचं डिझेल सांडल्यावर जसे निळे-जांभळे पट्टे दिसतात, तोच प्रकार. याला इंटरफिअरन्स चमक म्हणतात. ही चमक काळ्या-सावळ्या पृष्ठावरच खुलते, पांढऱ्यावर जवळजवळ दिसत नाही. कारण पत्र्यातून आरपार गेलेला बाकीचा प्रकाश पांढऱ्या पृष्ठावरून परत येतो आणि चमकीत मिसळून तिला मारतो, काळं पृष्ठ तो शोषून घेतं. म्हणजे एकाच नावाच्या दोन बाटल्यांपैकी एक सावळ्या मुलीला राख देईल आणि दुसरी तिलाच सगळ्यात जास्त शोभेल. फरक बाहेरून कळत नाही. तो असा काढा:

फाईलचं पारदर्शक प्लास्टिक कव्हर घ्या, त्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापा. खाली अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद ठेवा. काळा कागद नसेल तर जुन्या एक्स-रेचा काळा भाग चालतो. बाटली तळव्यांमध्ये अर्धा मिनिट फिरवा, कारण चमक जड असते आणि तळाला बसते. आत गोळी वाजत असेल तरच हलवा, नाहीतर जोरात हलवल्याने बुडबुडे येतात आणि पापणीवर त्यांचे खड्डे राहतात. मग तिळाएवढा थेंब पट्टीवर ठेवा आणि जुन्या मोबाइल रिचार्ज कार्डासारख्या सरळ कडेने एकाच दमात काळ्या-पांढऱ्या दोन्ही भागांवरून ओढा. पूर्ण वाळू द्या. अर्ध्या भागावर दुसरा थेंब ओढा. तो वाळला की त्याच्याही अर्ध्यावर तिसरा. पट्टीवर मार्करने रंग आणि हातांची संख्या लिहा.

आता वाचायचं असं. काळ्यावर रंगीत चमक आणि पांढऱ्यावर जवळजवळ काही नाही, तर ती इंटरफिअरन्स चमक, सावळ्या वर्णाला एक नंबर. काळ्यावर दुधाळ ढग आणि पांढऱ्यावर गोड रंग, तर पांढऱ्याची भर, सावळ्या पापणीवर थेट लावायची नाही. दोन्हीकडे तोच रंग, तर तो जवळपास झाकणारा आहे, शीअर म्हणून विकला असला तरी.

एकदा केलेल्या पट्ट्या वर्षभर कामी येतात. गिऱ्हाइकाच्या गालाशेजारी पट्टी धरली की निम्मी निवड तिथेच होते, डोळ्याला हातही लावावा लागत नाही. पट्टी दारातल्या उजेडात पाहा, उन्हात नाही आणि ट्यूबखालीही नाही. पार्लरमधल्या पांढऱ्या एलईडीखाली पीच आणि कॉपर मेल्यासारखे दिसतात, मोरपंखी उगाच भडक दिसतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांना दिवाळीपासून होळीपर्यंत जे रंग चालतात, त्यांचा हिशेब इथे लावायचा नाही. रंगमंचावर समोरून प्रखर दिवे असतात, त्यात शीअर रंग धुऊन जातो, तिथे झाकणारेच लागतात. स्टेजची सवय असलेला हात शीअरचे पाच-पाच थर चढवतो आणि मग म्हणतो की माल खराब आहे.

खारपाणी (दर्यापूर, जि. अमरावती)

रंगपेटी ताईनं मालाचं सांगितलं, मी हाताचं सांगते.

टक्कल काऊन पडते? पहिला हात वरून वाळलेला दिसते, आतून ओला असते. त्याच्यावर ओला थेंब घासला की पहिला थर भिजून गोळा होते अन् बोटासंगं निघून येते. म्हणून दोन गोष्टी पाळायच्या. थेंब लहान पायजे अन् दुसरा हात घासायचा नाही, टिपायचा.

एका पापणीला एका हाताला तिळाएवढा थेंब पुरे. ज्वारीच्या दाण्याएवढा घेतला की रेघ आलीच म्हणून समजा. कांडी बाटलीतून काढली की तिच्यावर चार पापण्यांचा माल असतो, म्हणून कांडीनं थेट पापणी रंगवणं बंद करा. स्टीलच्या प्लेटवर माल काढा, तिथून अनामिकेनं उचला. अनामिकाच, कारण तिचा दाब कमी पडते. पापणीच्या मधोमध, केसांच्या ओळीजवळ ठेवा, वर आणि बाहेर टिपत न्या. कडा विरवायला साधारण १०-१५ सेकंद मिळतात. त्यानंतर कडेला हात लावला की चुरा सुटते. कड चुकली तर पाण्यात भिजवून पिळलेल्या इअरबडनं फक्त कड दाबायची, घासायची नाही.

वाळताना नजर खाली ठेवायला सांगा, डोळा पूर्ण उघडू द्यायचा नाही. डोळा उघडला की पापणी घडीत जाते आणि ओला रंग तिथंच जमते. पहिली रेघ तासाभरानं पडत नाही, ती पहिल्या मिनिटातच पडलेली असते, फक्त नंतर दिसते.

आता कूलरचं, कारण हे कोणी सांगत नाही. तुमच्या बाटलीत पहिलं नाव पाणी आहे, म्हणजे वाळणं हवेच्या ओलाव्यावर आहे. मेमध्ये कूलर बंद असला तर हवा इतकी कोरडी की थर २०-२५ सेकंदात आवळते आणि विरवायला वेळच भेटत नाही. खोली बंद करून कूलर चालवला की ओलावा वाढते, तोच थर दीड-दोन मिनिटं घेते. वरून पाहाल तर वाळला, आतून कच्चा. कूलरसमोर रेघ जास्त येते ती याच्यामुळं. इलाज सोपा आहे: लावण्याच्या अर्धा तास आधी कूलरची पाण्याची मोटर बंद करा, फक्त पंखा चालू ठेवा, समोरची खिडकी उघडा. वाऱ्याचा झोत चेहऱ्यावर घेऊ नका, पाठीकडून घ्या. वाळलं की नाही ते करंगळीनं बाहेरच्या कोपऱ्यात टेकून पाहा. चिकट लागलं नाही आणि बोटावर चमक आली नाही, तरच दुसरा हात.

ज्या बाटलीच्या यादीत पहिलं नाव आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन (एक सिलिकोन) असते, तिला ओलाव्याचं देणंघेणं नाही. ती उष्णतेनं झटपट उडते. तिला एकाच हातात काम संपवायचं आणि एका वेळी एकच डोळा घ्यायचा.

प्रायमर लावूनही रेघ येते याचं कारण बहुतेक वेळा प्रायमरच्या खालचं तेल असते. पापणीवर सकाळचं खोबरेल किंवा क्रीम राहिलेलं असते आणि तेल हा थर मऊ करते. आधी पापणी मायसेलर वॉटरनं (मेकअप पुसायच्या पाण्यानं) पुसा, कोरड्या टिश्यूनं टिपा, पाच मिनिटं थांबा. प्रायमर मुगाच्या दाण्याच्या निम्मा, दोन्ही डोळ्यांना मिळून. त्याच्यावर पावडर टाकू नका. पावडरवर ओला रंग गेला की लापशी होते. पावडर लावायचीच असली तर रंग पूर्ण वाळल्यावर, भुवईच्या खाली, चमकीला न लागता.

आणि खारपाणपट्ट्यातल्या बहिणींसाठी: बोअरच्या पाण्यानं स्पंज ओला करू नका. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारं, वाळलं की पांढरी पूड सोडते आणि शीअर रंगाखाली ती सगळी दिसते. ब्रश साबणानं त्या पाण्यात धुतला तर चिकट साय बसते, केस कडक होतात. धुवा कोणत्याही पाण्यानं, पण शेवटचा हात आरओच्या कॅनच्या पाण्याचा द्या. एक पेला पुरते.

अबोली (मोर्शी)

वरच्या दोघींनी माल आणि हात सांगितला. राहिली हळद. लग्नातल्या डोळ्यांचा रंग बिघडण्याचं मोठं कारण हळद आहे, आणि दोष मात्र बाटलीवर जातो.

हळद लागल्यावर दुसऱ्या दिवशीही कातडीत पिवळेपणा राहतो. शीअर रंग खालचं दिसू देतो, म्हणजे तुम्ही पिवळ्यावर रंग चढवत आहात. पिवळ्यावर जांभळा पडला की दोघं एकमेकांना मारतात, उरतो मातकट रंग. निळा पडला की हिरवट होतो. म्हणून हळदीच्या दुसऱ्या दिवशी लव्हेंडर आणि शुद्ध निळा बाजूला ठेवा. कॉपर, सोनेरी आणि सोनेरी चमकीचा पीच त्या पिवळ्यावर उलट जास्त ऊबदार दिसतात. मोरपंखी चालतो, पण बाटलीतल्यापेक्षा हिरवा दिसेल हे नवरीला आधीच दाखवा.

हळद काढायची असेल तर ती पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. पापणीवर दुधाची साय किंवा क्लीन्सिंग ऑइल एक मिनिट ठेवा, ओल्या कापसाने उचला, मग सौम्य फेसवॉश, आणि शेवटी मायसेलर वॉटरने तेलाचा अंश काढा. हा शेवटचा टप्पा गाळला तर खारपाणी ताईंनी सांगितलेली तेलाची रेघ येणारच. कपडे धुण्याचा किंवा अंगाचा साबण पापणीवर अजिबात नको. हळद अल्कलीत लालसर होते, डोळा झोंबतो तो वेगळाच. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हळद लावताना पापण्या सोडायच्या, कपाळ-गाल पुष्कळ आहेत.

आता रंगवार. तुमच्या पट्ट्या केल्यावर थोडा फरक निघू शकतो, पण सुरुवात इथून करा.

कॉपर: एक हात पूर्ण पापणीवर, दुसरा फक्त मधोमध. अष्टपुत्रीवर, शालूवर, कशावरही चालतो. पहिल्यांदा शीअर लावणाऱ्या मुलीला हाच द्या.

पीच: सावळ्या वर्णाला एकटा लावू नका, एकतर गायब होतो नाहीतर खडूसारखा दिसतो. कॉपरच्या वाळलेल्या हातावर तिळाच्या निम्म्या थेंबाने मधोमध टिपा, छान प्रकाश येतो.

मोतिया: पूर्ण पापणीवर नकोच. नाकाकडच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा. फोटोग्राफरच्या फ्लॅशमध्ये हा सगळ्यात जास्त परत उजळतो, मोठ्या जागेवर लावला तर फोटोत पापणी पांढरी येते. बिदाईच्या वेळी अश्रू याच कोपऱ्यातून वाहतात, म्हणून तो सगळ्यात आधी जातो. इअरबडवर थोडा माल आणि छोटी डबी सोबत द्या.

लव्हेंडर: हळदीआधी, साखरपुड्याला, रिसेप्शनला. दुधाळ जातीचा निघाला तर खाली आधार लागेल, त्याबद्दल रंगपेटी ताई नीट सांगू शकतील.

मोरपंखी: केसांच्या ओळीला लागून चार मिलिमीटरची पट्टी, दोन हात. पूर्ण पापणीवर शीअर मोरपंखी लांबून मार लागल्यासारखा दिसतो, विशेषतः डोळ्यांखाली काळे डाग असतील तर. ओळीजवळ ठेवला तर हिरव्या-निळ्या काठाच्या साडीला असा शोभतो की दुसरं काही नको.

शेवाळी: गव्हाळ वर्णात मिसळून जातो, थकवा दाखवतो. बाहेरच्या एक-तृतीयांश भागात लावा, मधोमध सोनेरी किंवा कॉपर द्या.

मुंडावळ्यांचं लक्षात ठेवा. मोत्यांच्या सरी दोन्ही कानशिलांवरून लोंबतात आणि नवरीने मान वळवली की डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला घासतात. तिथे पंखासारखा बाहेर काढलेला रंग लग्न लागेपर्यंत टिकत नाही. रंग कोपऱ्याच्या आतच संपवा.

पळसफूल (दारव्हा)

खूप आभार. पट्ट्या केल्या. निकाल लिहिते: कॉपर दोन्हीकडे तांबूस. मोरपंखी काळ्यावर थोडा, पांढऱ्यावर स्पष्ट. लव्हेंडर काळ्यावर दुधाळ ढग, म्हणजे पांढऱ्याची भर. पीच तसाच. शेवाळीत मात्र काळ्यावर सोनेरी-हिरवी चमक आणि पांढऱ्यावर फिका मातकट रंग, हे काय समजायचं? आणि लव्हेंडरला आधार म्हणजे नेमका कशाचा, काजळाचा चालेल का? दोन रंग मिसळून लावले तर?

रंगपेटी (देसाईगंज-वडसा)

शेवाळी दोन्हींची मिसळ आहे: तळाला साधं रंगद्रव्य, वर सोनेरी इंटरफिअरन्स. सावळ्या वर्णाला हा अबोली ताईंच्या अंदाजापेक्षा चांगला उठेल. एक हात पूर्ण पापणीवर देऊन पाहा.

लव्हेंडरचा आधार: नेहमीचं काजळ नको. काजळ मेणातेलाचं असतं आणि पाण्याचा रंग तेलकट पृष्ठावर बसत नाही, मोत्यासारखा गोळा होतो. न पसरणारी जेल पेन्सिल घ्या, कॉफी किंवा वांगी रंगाची. काळी नको, काळ्यावर दुधाळ लव्हेंडर सिमेंटसारखा दिसतो. केसांच्या ओळीपासून अर्ध्या पापणीपर्यंत पातळ लावा, इअरबडने विरवा, दोन मिनिटं घट्ट होऊ द्या, मग लव्हेंडर टिपून. वांगी रंगाच्या आधारावर पांढऱ्याची राख जांभळटच दिसते, म्हणून ती खपते. हा आधार फक्त एका हातासाठी आहे, दुसरा दिलात तर पुन्हा दुधाळ.

मिसळण्याबद्दल: एकाच सेटचे, एकाच पाण्याच्या जातीचे रंग प्लेटवर मिसळा, हरकत नाही. लव्हेंडरचा एक तीळ आणि कॉपरचा एक तीळ मिसळला की जुन्या गुलाबासारखा रंग येतो, तो गव्हाळ वर्णाला नुसत्या लव्हेंडरपेक्षा फार बरा. पाण्याचा आणि सिलिकोनचा माल मात्र मिसळू नका, दह्यासारखा फुटतो. मिसळ बाटलीत परत टाकायची नाही. आणि मोरपंखीत पीच कधीही नको, शेणासारखा रंग होतो.

पापणीवरची चाचणी करताना उजव्या डोळ्यावर एक, डाव्यावर दुसरा, असे एका बैठकीत दोनच रंग. लावल्याबरोबर, एका तासाने आणि चार तासांनी दारातल्या उजेडात फोटो काढा: एक फ्लॅशशिवाय, एक फ्लॅशसह, दीड मीटरवरून. चार तासांचा फोटो पाहिल्याशिवाय लग्नाला रंग पक्का करू नका. काढताना मायसेलर वॉटरचा कापूस बंद डोळ्यावर अर्धा मिनिट ठेवून द्या. हा थर विरघळत नाही, पापुद्र्याने सुटतो, म्हणून घासलं तर तुकडे डोळ्यात जातात.

औषधपेटी (पुसद)

रंगाचं झालं, डोळ्यांचंही पाहा. पापणीची कातडी साधारण अर्धा मिलिमीटर, अंगावरची सगळ्यात पातळ. त्यामुळे पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंब लावून २४ तास पाहा, जमल्यास ४८. खाज, पुरळ, सूज आली तर तो माल त्या मुलीला नाही. ही चाचणी लग्नाच्या दिवशी करून उपयोग नाही, आठवडाभर आधी करा.

बाटलीची कांडी एकीच्या डोळ्याला लागून पुन्हा बाटलीत गेली की पुढच्या सगळ्या जणींना ती धोक्याची. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ आली होती. अशा दिवसांत तर एकीचा स्पंज दुसरीला लावूच नका. खारपाणी ताईंची प्लेटची पद्धत त्यासाठीही योग्य आहे. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर प्लेट आणि स्पॅच्युला धुऊन, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा. लावणाऱ्या बोटाचं नख कापलेलं हवं, हात साबणाने धुतलेले. डोळे लाल, चिकट किंवा रांजणवाडी असेल तर मेकअप नाही, मग लग्न असो की काही असो.

बाटली घट्ट झाली म्हणून पाणी किंवा गुलाबजल घालू नका. टिकवणाऱ्या द्रव्याचं प्रमाण त्याने पातळ होतं आणि आत जंतू वाढतात. टिनाच्या छपराखाली मेमध्ये दुपारी ठेवलेल्या बाटलीतला माल फुटून पाणी-रंग वेगळे होतात. तळव्यात फिरवूनही एकजीव झाला नाही किंवा वास बदलला तर टाकून द्या. आतल्या खोलीत, खालच्या फळीवर, बंद डब्यात ठेवा. उघड्या डबीचं चिन्ह आणि आत ६एम किंवा १२एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.

बाजारातून सुटा माल घेताना बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक, घटकांची यादी पाहा. यातलं काही नसेल तर डोळ्याला नको. यादीत सी.आय. (रंगाचा ठराविक क्रमांक) ७५४७० दिसला तर तो कार्माइन, किड्यापासून काढलेला लाल. काही घरांत हे चालत नाही, त्यांना आधी सांगा. सी.आय. ७७०१९ अभ्रक, ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साइड, ७७४९१ लोहाचा लाल. यादी वाचायची सवय लागली की पट्टी करण्याआधीच अंदाज येतो. फिक्या रंगात ७७०१९ नसून नुसता ७७८९१ असेल, तर तो बहुधा दुधाळच.

चमक कमी वाटते म्हणून स्टेशनरीच्या दुकानातली चमकी, रांगोळीतलं अभ्रक किंवा कुंकू यात मिसळू नका. त्यांचे कण धारदार किंवा अशुद्ध असू शकतात, बुबुळाला ओरखडा पडतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलीने लेन्स मेकअपच्या आधी घालायची आणि पुसण्याच्या आधी काढायची.

पळसफूल (दारव्हा)

शेवाळीचा एक हात पूर्ण पापणीवर दिला, कूलरची मोटर बंद ठेवून. चार तासांच्या फोटोत उजव्या डोळ्यावर रेघ नाही, डाव्यावर आतल्या कोपऱ्याकडे बारीक आहे. प्रायमर दोन्हीकडे सारखाच होता.

खारपाणी (दर्यापूर)

डावा डोळा नंतर केला असंन, अन् थेंब प्लेटवर तोवर दाटला असंन. दाटलेला थेंब जाड बसते. प्रत्येक डोळ्याला ताजा थेंब काढा, अन् आतल्या कोपऱ्यात नेताना बोटावर उरलेलाच माल वापरा, नवा नाही. तरी आली तर फक्त तेवढी जागा ओल्या इअरबडनं उचला, कोरडी करा, अन् अर्ध्या तिळानं पुन्हा टिपा. पूर्ण पापणी काढायची गरज नाही.